अंगणातला पांढरा कांचन: नागपूरच्या उन्हात आणि काळ्या मातीत

गेल्या फेब्रुवारीत पुतणीचा फोन आला. नागपूरच्या बेसा भागात तिचं नवीन घर झालंय, पुढे १५ बाय २० फुटांचं अंगण सुटलंय. तिने आधी एक फोटो पाठवला होता: अमेरिकेतला रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, अंगावर एक पान नाही आणि नुसती पांढरी फुलं. "काकू, मला हेच झाड हवंय. रोप कुठे मिळेल?"

ते झाड म्हणजे शोभेची नाशपाती. मूळची चीनकडची. तिची 'ब्रॅडफर्ड' नावाची जात अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६३ साली आणली आणि तिथल्या घराघरांपुढे ती लागली. नागपुरात ती फुलायची नाही. नाशपातीच्या कळ्या जाग्या व्हायला आधी कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते. आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता खरा, पण अशा रात्री मोजक्याच, आणि दुपारी पुन्हा स्वेटर काढावं असं ऊन. त्यानंतर मे महिन्यातले ४५ अंश आहेतच. कुणी मागवून दिलंच तर ते झाड जगण्यासाठीच झगडत राहील, फुलणं दूरच.

मी तिला सांगितलं, तुला जे आवडलंय ते म्हणजे पानगळीनंतरच्या उघड्या फांद्यांवरचा पांढरा बहर. तो आपला कांचन देतो, आणि इथल्या उन्हात देतो. त्या दिवशी तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. पहिल्यांदा झाड लावणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे जाणत्यांना काही गोष्टी बाळबोध वाटतील.

आधी कोणता कांचन ते ठरवा

नागपूरच्या नर्सरीत 'कचनार' म्हटलं की चटकन कळतं. पण कचनार म्हणून तीन-चार वेगळी झाडं हातात पडतात, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

आपल्याला हवा तो, शास्त्रीय नावाने, बौहिनिया व्हेरिगाटा. थंडीत पानं गाळतो, फेब्रुवारी ते एप्रिल फुलतो, २० ते ३० फूट उंच होतो. त्याची नेहमीची फुलं गुलाबी-जांभळी, आणि त्यातलाच एक प्रकार शुभ्र पांढरा. दुसरा बौहिनिया परपुरिया. हा पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबरपासून पुढे फुलतो आणि पानं अंगावर असतानाच फुलतो. तोही सुंदर आहे, पण फोटोतला देखावा त्यातून मिळणार नाही. ओळखायची सोपी खूण फुलात आहे. व्हेरिगाटाच्या पाकळ्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, आणि मधे पाच लांब पुंकेसर. परपुरियाच्या पाकळ्या अरुंद, सुट्या सुट्या, आणि पुंकेसर बहुधा तीन.

तिसरा म्हणजे नर्सरीवाले ज्याला सरळ 'पांढरा कांचन' म्हणतात तो बौहिनिया अक्युमिनाटा. हे सात-आठ फुटांचं झुडूप आहे. उन्हाळ्या-पावसाळ्यात हिरव्या पानांत पांढरी फुलं येतात. अंगण फारच लहान असेल किंवा मोठ्या कुंडीत लावायचं असेल तर हेच घ्या. पण झाड समजून झुडूप आणू नका.

म्हणून माझा आग्रह असा की रोप फेब्रुवारी-मार्चमध्ये, फूल डोळ्यांनी बघून निवडा. लावायचं जूनमध्ये असलं तरी चालेल, चार महिने पिशवीत सांभाळा. बियांपासून केलेल्या रोपाला पांढरीच फुलं येतील याची खात्री नसते. पांढऱ्या झाडाची गुटी बांधून, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून, केलेलं रोप मिळालं तर चार पैसे जास्त द्या.

रोप घेताना पिशवीचा तळ पाहा. तळाला मुळं गोल गोल फिरून वेटोळं झालं असेल तर ते रोप फार दिवस पिशवीत अडकलेलं आहे. पाच-सहा फुटांच्या उंच, काडीसारख्या रोपापेक्षा तीन फुटांचं, जाड बुंध्याचं रोप कधीही चांगलं.

जागा आणि खड्डा

दिवसातून किमान सहा तास ऊन हवं. कंपाउंडच्या भिंतीपासून आठ-दहा फूट सोडा, डोक्यावरून विजेची तार जात नाही ना ते पाहा, आणि सेप्टिक टँकपासून लांब राहा. पुतणीच्या अंगणात या हिशेबाने एकच झाड बसतं. तिला दोन हवी होती. दोन लावली की दोन्ही एकमेकांना टाळत वाकडी वाढतात.

आता माती. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा देते आणि जुलैत चिखलाचा गोळा होते. कांचनाला ती चालते, पण मुळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा मे महिन्यात खणा आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, उघडा तापू द्या. लावण्याआधी त्यात चार बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाणी तसंच उभं असेल तर जागा बदला. बदलता येत नसेल तर फूटभर उंच वरंबा करून त्यावर लावा.

बरेच जण अशा खड्ड्यात नुसतं गांडूळ खत आणि लाल माती भरतात. दिसायला छान दिसतं, पण चारही बाजूंनी चिकण काळी माती आणि मधे भुसभुशीत भरण, म्हणजे पावसाळ्यात त्या खड्ड्याची बादलीच होते. सगळं पाणी तिथे जमतं आणि मुळं कुजतात. खणलेली माती दोन घमेली, जाड रेती किंवा बारीक मुरूम एक घमेलं, चांगलं कुजलेलं शेणखत एक घमेलं, हे प्रमाण ठेवा. वरून अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा, उधईला आळा बसतो. भरण जमिनीपेक्षा सहा इंच उंच ठेवा, पहिल्या पावसात बसतं.

लावायचं दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर, जूनच्या शेवटी किंवा जुलैत. पिशवी ब्लेडने उभी कापा. गोल फिरलेली मुळं असतील तर कात्रीने छाटा, घाबरू नका. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. खोड मातीत गाडलं की सालीला ओल लागते आणि दोन वर्षांनी झाड कारण न कळता वाळतं. आधाराला बांबू लावा, पण सुतळीने आवळू नका. जुन्या सुती साडीची पट्टी घेऊन खोड आणि बांबू यांच्यामध्ये पीळ देऊन सैल बांधा. वर्षभराने बांबू काढा. वाऱ्यात डोललेलं खोडच जाड होतं.

पहिले दोन उन्हाळे

इथे झाड जगतं किंवा जातं.

मार्चपासून बुंध्यापासून फूटभर अंतरावर गोल आळं करा आणि दर तिसऱ्या दिवशी १५-२० लिटर पाणी द्या, सकाळी लवकर. रोज तांब्याभर पाणी शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि मे महिन्यात भाजून निघतात. आळ्यात सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार तीन-चार इंच अंथरा. खोडाला मात्र टेकू देऊ नका, वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर उधई चढते. पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधा. दुपारी तीनचं ऊन कोवळ्या सालीला थेट लागलं की साल तडकते. जाळी जमत नसेल तर खोडाला चुना लावा.

एक गोष्ट खास आपल्या शहरासाठी. कूलर धुताना टाकीत उरलेलं पाणी झाडाला घालू नका. उन्हाळाभर त्यातलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, टाकीच्या कडेला पांढरा थर दिसतो तो त्याचाच. पाणी फुकट जाऊ नये म्हणून मीही एका उन्हाळ्यात तेच घातलं. जूनपर्यंत पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. आरओमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही तेच. ते फरशी पुसायला वापरा.

खत फार लागत नाही, पण अजिबात नको असंही नाही. शेंगा धरणारं झाड म्हणजे हवेतला नत्र आपणच घेईल, असा समज असतो. पण ते काम मुळांवरच्या जिवाणूंच्या गाठी करतात, आणि कांचनाच्या मुळांवर त्या धरत नाहीत. म्हणून जूनमध्ये दोन घमेली शेणखत आणि फेब्रुवारीत कळ्या दिसल्यावर एक घमेलं, एवढं द्या. युरिया देऊ नका, झाड पानांनीच भरतं.

पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं पण मुळांना मिळत नाही. संत्र्याच्या बागांतही हाच त्रास दिसतो. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा.

फांद्यांचा कोन

अमेरिकेतल्या त्या नाशपातीकडे परत येते, कारण तिच्याकडून एक मोठा धडा घेण्यासारखा आहे. ब्रॅडफर्डच्या सगळ्या फांद्या खोडावर एकाच जागेतून, अगदी अरुंद कोनात वर जातात. पंधरा-वीस वर्षांनी झाड ऐन भरात आलं की वादळात मधोमध दुभंगतं. शिवाय ती रानात बेसुमार पसरली. ओहायोने २०२३ पासून आणि साऊथ कॅरोलायनाने २०२४ पासून तिची विक्रीच बंद केली. आपला कांचन इथलाच असल्याने तो पसरण्याची भीती नाही. फ्लोरिडात मात्र तोच कांचन उपद्रवी झाडांच्या यादीत आहे.

दुभंगण्याची भीती कांचनालाही आहे. माझं पहिलं झाड असंच गेलं. जमिनीपासून दोन फुटांवर त्याला दोन सारख्या फांद्या फुटल्या होत्या, आणि मला ते जोडखोड फार आवडायचं. सातव्या वर्षी मे महिन्यातल्या एका वादळात संध्याकाळी नुसता एक आवाज आला. सकाळी पाहिलं तर अर्धं झाड अंगणात आडवं. फाटलेल्या जागी लाकूड उघडं पडलं होतं आणि त्याच्या मधोमध, अगदी आतपर्यंत, काळसर सालीची पट्टी होती. म्हणजे तिथे लाकडाला लाकूड कधी जोडलं गेलंच नव्हतं. सात वर्षं दोन फांद्या नुसत्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या.

तेव्हापासून मी प्रत्येक झाडाचं बेचकं जवळून बघते. तुम्हीही बघा. दोन फांद्या जिथे फुटतात तिथल्या सालीवर बोट फिरवा. साल वर फुगून तिचा उंचवटा झाला असेल तर जोड पक्का. साल आत ओढली जाऊन खोल रेघ पडली असेल, तर तिथे साल दबते आहे आणि जोड कच्चा. घड्याळात १० वाजून १० मिनिटांनी काटे जसे पसरतात, तसा कोन हवा. दोन्ही काटे बाराजवळ आल्यासारखे दिसले तर त्यातली एक फांदी आजच काढा. आज ती करंगळीएवढी आहे, कात्रीने एका क्षणात निघेल.

पहिली तीन वर्षं एवढंच काम करा: मधलं एक खोड सरळ वर जाऊ द्या, त्याच्याशी स्पर्धा करणारी फांदी अर्ध्यावर तोडा, आणि बाजूच्या फांद्या खोडावर एकमेकींपासून वीत-दीड वीत अंतराने ठेवा. माणूस खालून जाऊ शकेल इतक्या उंचीपर्यंतच्या फांद्या हळूहळू काढा. एका वर्षात पाव झाडापेक्षा जास्त छाटू नका.

वेळ महत्त्वाची. छाटणी फुलं संपल्यावर, नवी पालवी येण्याच्या सुमारास करायची. डिसेंबर-जानेवारीत झाड वाळल्यासारखं दिसतं, आणि 'आता स्वच्छ करून टाकू' म्हणून माळी फांद्या उडवतात. त्या उघड्या फांद्यांवरच कळ्या बसलेल्या असतात. माळ्याला आधीच सांगून ठेवा.

जाड फांदी कापायची वेळ आली तर तीन घाव घाला. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून वर, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून खाली. वजन गेलं की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापा. ते कडं राखा, जखम तिथूनच भरते. कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका. पावसाळ्याच्या तोंडावर कापावंच लागलं तर संत्रावाले वापरतात ते बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. घरच्यासाठी याच्या दहाव्या हिश्शात भागतं. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, लोखंडी नको.

शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने महापालिकेची परवानगी लागते. मोठ्या फांद्या उतरवायच्या असतील तरी आधी उद्यान विभागात विचारून घ्या.

ताण

दुसरं झाड मी व्यवस्थित वाढवलं. चार वर्षांत छतापर्यंत गेलं, पानांनी गच्च, आणि फुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. काटोलचे मामा संक्रांतीला आले होते. त्यांची संत्र्याची वाडी आहे. मी सकाळी नळी लावून बसले होते. ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "काहून पाणी देऊन रायली वं? आंब्या बहारले आमी झाडाले तान देतो ना. थंडीत याचं पाणी तोड, मंग पाय."

आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या वेळचा संत्र्याचा फुलोरा, धरायचा तर संत्र्याचं पाणी हिवाळ्यात बंद करतात, झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, आणि मग पाणी दिलं की फुलं लागतात. कांचनाचंही तसंच आहे. कोरडी थंडी मिळाली की तो पानं गाळतो आणि जोर कळ्यांत घालतो. नळीचं पाणी मिळत राहिलं की हिरवाच राहतो. पुढच्या वर्षी मी दिवाळीनंतर हळूहळू पाणी कमी केलं आणि डिसेंबरपासून पूर्ण तोडलं. जानेवारीअखेर झाड इतकं उघडं झालं की शेजारच्या काकूंनी विचारलं, "गेलं का हो?" फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गच्चीवरून बघितलं तर फुलांआड फांदी दिसत नव्हती.

पण हे तीन वर्षांपुढच्या झाडासाठीच आहे. लहान रोपाला ताण देऊ नका, त्याला थंडीतही आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं. मोठ्या झाडाला काळ्या मातीत पावसाळ्याची खोलवरची ओल पुरते. मुरमाड जागेत, हिंगण्याकडे वगैरे, ताण एक महिन्यापुरताच ठेवा आणि कोवळ्या फांद्या सुरकुतू लागल्या तर पाणी द्या. कळ्या फुगल्या की एकदा भरपूर पाणी द्या आणि मग दर आठ-दहा दिवसांनी. झाडाखाली लॉन लावलं तर ताण देणं अशक्य होतं, हिरवळीला रोज पाणी लागतं. पुतणीला मी लॉन भिंतीच्या दुसऱ्या बाजूला न्यायला सांगितलं.

कीड, दसरा आणि शेंगा

कांचन तसा निरोगी आहे. कोवळ्या शेंड्यांवर मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून फवारा. जास्त सांभाळायची ती साल खाणारी अळी. बेचक्यात लाकडाच्या भुशाची आणि जाळीची तपकिरी पट्टी चिकटलेली दिसते, ओल्या चहापत्तीसारखी. ती ब्रशने खरवडली की खाली छोटं भोक सापडतं. त्यात सायकलच्या तारेने टोचा, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कोंबा आणि ओल्या मातीने भोक लिंपा.

दसऱ्याला झाडाकडे लक्ष ठेवा. कांचनाचं पान आपट्यासारखंच दुभागलेलं, त्यामुळे सोनं म्हणून लोक फांद्याच्या फांद्या ओरबाडून नेतात. आपट्याचं पान लहान आणि जाड असतं, कांचनाचं तळहाताएवढं. मी आदल्या दिवशी थोडी पानं कात्रीने काढून फाटकाजवळ टोपलीत ठेवते. ज्यांना हवी ते तिथून नेतात आणि फांद्या वाचतात.

फुलांनंतर चपट्या हिरव्या शेंगा लागतात. लहान झाडाच्या शेंगा कोवळ्या असतानाच काढा, ताकद वाचते. मोठ्या झाडाच्या राहू द्या. मे महिन्याच्या दुपारी त्या टक् आवाज करून फुटतात, दोन्ही सालपटांना पीळ पडतो आणि चपट्या तपकिरी बिया लांबवर उडतात. रोपं करायची असतील तर त्या ताज्याच वेचा, रात्रभर पाण्यात भिजवा आणि मृगाच्या पावसाला पिशवीत अर्धा इंच खोल पेरा. आठ-पंधरा दिवसांत उगवतात. माझ्याकडे आत्ता अशा अकरा पिशव्या आहेत. फूल पांढरं येईल की जांभळं, हे कळायला तीन-चार वर्षं आहेत.